ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेले ब्रिटिश कैदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाबूक, बेड्या आणि पावाच्या तुकड्यासाठी भोगलेली शिक्षा या तीन गोष्टींपलीकडे या विषयावर सहसा बोलणं होत नाही. तिन्हींत थोडं तथ्य आहे. पण कैद्याचं आयुष्य प्रत्यक्षात ठरायचं ते दोन गोष्टींवर: सरकारी वहीत त्याच्या नावापुढे काय लिहिलंय आणि त्याला मालक कसा मिळाला.

एकूण किती कैदी पाठवले? कधीपासून कधीपर्यंत?

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत सुमारे १,६२,०००. त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. जवळपास ८०,००० न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीकडे गेले. ७०,००० हून जास्त व्हॅन डीमन्स लँडला गेले. याच बेटाचं नाव १८५६ मध्ये टास्मानिया झालं. उरलेले साडेनऊ हजारांच्या वर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला, आणि ते सगळे पुरुष. सिडनीकडची पाठवणी १८४० ला थांबली, व्हॅन डीमन्स लँडची १८५३ ला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची गंमत अशी, की इतर वसाहती कैदी नकोत म्हणून ओरडत असताना तिथल्या वसाहतवाल्यांनी मजूर मिळत नाहीत म्हणून १८५० पासून कैदी मागून घेतले. साउथ ऑस्ट्रेलियाने मात्र ब्रिटनमधून कैदी कधीच घेतले नाहीत.

पण एवढ्या लांब का?

आधी हे कैदी अमेरिकेत जायचे. १७७५ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. १७७६ पासून थेम्स नदीत आणि बंदरांत जुन्या, शिडं-डोलकाठ्या उतरवलेल्या जहाजांत कैदी कोंबायला सुरुवात झाली. ही जहाजं म्हणजे हल्क. तीही भरली, तेव्हा ऑस्ट्रेलिया ठरलं. कॅप्टन आर्थर फिलिपच्या हाताखाली ११ जहाजांचा पहिला ताफा १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ ला सिडनी कोव्हमध्ये उतरला. त्यावर सुमारे साडेसातशे कैदी होते.

एक पाव चोरला म्हणून सात वर्षं, हे खरं का?

किरकोळ चोरीला सात वर्षं मिळालेली माणसं पुष्कळ होती. पण बहुतेकांचा तो पहिला गुन्हा नव्हता, आणि चोरीचा माल साधारणपणे कापड, कपडे, भांडी, घड्याळ, मालकाच्या दुकानातला ऐवज किंवा मेंढी असा असे. शिक्षा मुख्यतः तीन मापांची: ७ वर्षं, १४ वर्षं, जन्मठेप.

एक तपशील लक्षात ठेवा, नाहीतर जुने खटले वाचताना गोंधळ होतो. राहत्या घरातून ४० शिलिंगांची चोरी केली तर कायद्याने फाशी होती. म्हणून ज्युरी खूपदा मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग लावायची. मग फाशी टळून हद्दपारी व्हायची. निकालपत्रात ‘३९ शिलिंग’ दिसलं तर तो बाजारभाव समजू नका. ती दया आहे.

राजकीय कैदी संख्येने थोडे. त्यांतलं ठळक उदाहरण टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांचं. संघटना बांधताना गुप्त शपथ घेतली म्हणून १८३४ मध्ये त्यांना सात वर्षांची हद्दपारी झाली. इंग्लंडमध्ये एवढा गदारोळ उठला, की १८३६ मध्ये माफी द्यावी लागली.

शिक्षा झाल्यापासून जहाज सुटेपर्यंत काय होत असे?

वाट पाहणं. पुरुष हल्कवर, स्त्रिया तुरुंगात. काही महिने, कधी काही वर्षंही. हल्कवरचे कैदी दिवसा गोदीत किंवा नदीतला गाळ काढायला जुंपलेले असत आणि रात्री बेड्यांसकट खाली कोंडलेले. शिक्षा ऑस्ट्रेलियाची असूनही कित्येक जण, विशेषतः म्हातारे आणि आजारी, ती हल्कवरच भोगून संपवत.

जहाजावरचा प्रवास किती दिवसांचा आणि कसा?

पहिल्या ताफ्याला आठ महिने लागले. १८३० च्या सुमारास चार महिन्यांच्या आत-बाहेर लागत.

कैद्यांची जागा डेकच्या खाली. दोन्ही बाजूंना दुमजली फळ्या. सहा फूट लांब, सहा फूट रुंद अशा एका फळीवर चौघे झोपणार, म्हणजे माणशी दीड फूट. कूस बदलायची तर चौघांनी मिळून. जेवणासाठी सहा-सहा जणांची पंगत. त्यातला एक मुकादम सगळ्यांचा शिधा मोजून आणायचा. चांगल्या डॉक्टरच्या जहाजावर सकाळी अंथरुणं गुंडाळून वर उन्हात नेत. खालचा डेक धुण्याऐवजी कोरडा खरवडत, कारण ओल राहिली की ताप पसरतो. स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबाचा रस साखर घालून रोज देत, आणि तो समोर उभं राहून प्यायला लावत. नाहीतर त्याची तंबाखूशी अदलाबदल व्हायची.

हे सगळं शहाणपण फार महागात मिळालं. १७९० च्या दुसऱ्या ताफ्यात कंत्राटदाराला माणशी सुमारे १७ पौंड मिळायचे, तेही जहाजावर चढवलेल्या डोक्यांचे. उतरले किती याच्याशी पैशाचा संबंध नव्हता. त्यामुळे कैदी वाटेत मेला तर उरलेला शिधा कंत्राटदाराचा फायदा. नेपच्यून, सरप्राइझ आणि स्कारबरो या तीन जहाजांवर सुमारे हजार कैदी चढले, त्यांतले अडीचशेहून जास्त समुद्रातच गेले. जे पोचले त्यांतल्या कित्येकांना उचलून किनाऱ्यावर आणावं लागलं. नंतर पैशाचा काही भाग जिवंत उतरलेल्या कैद्यावर देण्याची पद्धत आली. १८१४ मध्ये सिडनीच्या डॉ. विल्यम रेडफर्नने तीन जहाजांवरच्या मृत्यूंचा अहवाल लिहिला आणि १८१५ पासून प्रत्येक जहाजावर सरकारी डॉक्टर नेमला जाऊ लागला. त्यानंतर वाटेतले मृत्यू शेकडा एक-दोनवर आले. हा रेडफर्न स्वतः १७९७ च्या आरमारी बंडात सापडलेला हद्दपार कैदी होता, हे सांगायलाच हवं.

बुडण्याचा धोका अर्थात डॉक्टरच्या हातात नव्हता. १८३३ मध्ये शंभरावर कैदी स्त्रिया आणि त्यांची मुलं घेऊन निघालेलं ॲम्फिट्राइट फ्रान्सच्या किनाऱ्यावरच फुटलं. तीन खलाशी वाचले, बाकी सगळे बुडाले.

सिडनीत उतरल्यावर पहिलं काय व्हायचं?

आधी नोंदणी, मग जमिनीवर पाय. जहाजावरच हजेरी होऊन प्रत्येकाची माहिती वहीत उतरवली जाई: नाव, वय, गुन्हा, खटला कुठे चालला, शिक्षा, धंदा, गाव, धर्म, लिहिता-वाचता येतं का, उंची, डोळ्यांचा आणि केसांचा रंग, व्रण, गोंदण. या यादीला इंडेंट म्हणत. फोटोचा जमाना नव्हता, त्यामुळे पळालेला माणूस ओळखायला डाव्या दंडावरचा नांगर किंवा तुटलेलं करंगळीचं पेर हाच पुरावा.

इथे हुशार कैदी एक डाव खेळायचे. सुतार, गवंडी, लोहार यांना सरकार स्वतःच्या बांधकामांसाठी ठेवून घ्यायचं. शेतमजूर खासगी मालकाकडे जायचा. सरकारी काम नको असेल तर सुतार स्वतःला मजूर म्हणवायचा. त्यामुळे इंडेंटमधला धंदा डोळे मिटून खरा मानू नये.

तुरुंगात ठेवत नसत का?

बहुतेकांना नाही, आणि नेमकं हेच वाचकांना पटत नाही. सगळा देशच तुरुंग होता, तर भिंती कशाला? सुरुवातीच्या काळात कैदी स्वतः भाड्याने खोली घेऊन राहायचे. दुपारी सरकारी काम संपलं की उरलेल्या वेळात दुसऱ्याकडे मजुरी करून भाडं भरायचे. १८१९ मध्ये सिडनीत हाइड पार्क बॅरक्स उघडल्यावर सरकारी कामावरच्या पुरुषांची ही मोकळीक गेली. ६०० जणांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत पुढे त्याच्या दुप्पट माणसं झोळ्यांत झोपू लागली. इमारतीचा आराखडा फ्रान्सिस ग्रीनवेचा, जो खोटा दस्तऐवज केल्याबद्दल हद्दपार होऊन आला होता. पुढे ऑस्ट्रेलियाच्या १० डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला गेला. बनावट कागदासाठी शिक्षा झालेला माणूस चलनी नोटेवर!

बाकीचे मोठ्या संख्येने खासगी मालकांकडे. याला असाइनमेंट म्हणत. मालकाने अर्ज करायचा, सरकारने माणूस द्यायचा, मालकाने पगार न देता अन्न-वस्त्र-निवारा द्यायचा. मालक बरा असेल तर कैदी घरच्या गड्यासारखा राहायचा, नाहीतर गुलामासारखा. निवड कैद्याच्या हातात नव्हती. १८३७-३८ च्या संसदीय समितीने या पद्धतीवर मुख्य टीका केली ती हीच: एकाच गुन्ह्याची शिक्षा दोघांना दोन तऱ्हेची मिळते.

काम कोणतं?

झाडं तोडणं, मेंढ्या राखणं, रस्ते, पूल, विटा, गोदी, घरकाम, कारकुनी. सुरुवातीला सिडनीत बैल-घोडे नव्हतेच म्हणा, त्यामुळे विटांचा गाडा माणसंच ओढत: एका गाड्याला १२ जण आणि वर एक मुकादम. एका खेपेला ३५० विटा किंवा ७०० कौलं. दिवसाला विटांच्या पाच खेपा किंवा कौलांच्या चार. रस्ता मातीचा, पाऊस पडला की चाक रुतणार.

खायला काय मिळायचं?

१८३१ च्या नियमानुसार मालकाने आठवड्याला द्यायचा शिधा: १२ पौंड गहू किंवा ९ पौंड जाडं पीठ, ७ पौंड बीफ किंवा मेंढीचं मटण (किंवा साडेचार पौंड खारवलेलं डुकराचं मांस), २ औंस मीठ, २ औंस साबण. ९ पौंड म्हणजे जवळपास ४ किलो. मांस इंग्लंडच्या मजुराला स्वप्नात दिसेल एवढं. चहा, साखर, तंबाखू नियमात नव्हती. ती मालकाच्या मर्जीवर. काम काढून घ्यायचं तर फटक्यांपेक्षा तंबाखू बंद करणं स्वस्त पडतं, हे मालकांना लवकर कळलं.

सुरुवातीची वर्षं मात्र उपासमारीची. रसद घेऊन येणारं गार्डियन हे जहाज डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळलं. मार्च १७९० मध्ये सिरियस हे जहाज नॉरफोक बेटावर फुटलं. एप्रिलमध्ये शिधा उतरला तो आठवड्याला २ पौंड जुनं खारवलेलं डुकराचं मांस, अडीच पौंड पीठ आणि २ पौंड तांदूळ, तेही किडे चालणारे. गव्हर्नरलाही तेवढंच. त्याच्याकडे जेवायला जाणाऱ्याने आपला पाव आपण न्यायचा.

आपल्या वाचकांसाठी एक जोड: १७९२ मध्ये अटलांटिक हे जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन सिडनीला आलं. गव्हाच्या पावाची सवय असलेल्यांनी डाळीला नाकं मुरडली.

सगळ्यांच्या अंगावर बाणांचे कपडे आणि पायात बेड्या असत का?

नाही. मालकाकडे असलेल्या कैद्याला वर्षाला साधारण २ सदरे किंवा जॅकेट, ३ शर्ट, २ विजारी, ३ जोड बूट आणि १ टोपी मिळे. लांबून पाहिलं तर तो मोकळ्या मजुरासारखाच दिसायचा. बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. निम्मा पिवळा, निम्मा काळा वेष वसाहतीत पुन्हा गुन्हा केलेल्यांचा. बेड्याही मुख्यतः रस्त्यावरच्या शिक्षेच्या टोळ्यांत. कडी घोट्याभोवती रिव्हेटने ठोकत. घोटा सोलू नये म्हणून कैदी आत कातडं किंवा चिंध्या गुंडाळत, आणि कडी ठोकून लंबगोल करून टाच बाहेर काढायचा प्रयत्न करत. म्हणून मुकादम रोज कड्या तपासायचा.

फटक्यांची शिक्षा कशी ठरायची?

मालकाला स्वतः हात उगारायची परवानगी नव्हती. कैद्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागे. पण गावाकडचा मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुधा शेजारचाच जमीनदार. आज तुझा गडी माझ्यासमोर, उद्या माझा तुझ्यासमोर. आरोप कोणते? आळस, उर्मट बोलणं, दारू, न सांगता जाणं. मग टिकटीला बांधून नऊ दोऱ्यांच्या चाबकाचे २५, ५० किंवा त्याहून जास्त फटके. शेजारी डॉक्टर उभा. फटके मारणाराही बहुतेक वेळा कैदीच. १८३२ च्या कायद्याने एकट्या मॅजिस्ट्रेटला ५० च्या वर फटके देता येईनात, तेव्हा जमीनदारांनी त्याला ‘पन्नास फटक्यांचा कायदा’ असं हेटाळून नाव दिलं.

त्यावरची पायरी म्हणजे मॅक्वारी हार्बर, पोर्ट आर्थर, मोरटन बे आणि नॉरफोक बेट. हे खरे तुरुंग, आणि भीतीच्या कथा येतात त्या इथल्याच. पोर्ट आर्थरजवळ पॉइंट प्युअर इथे १८३४ ते १८४९ मुलांचा वेगळा तुरुंगही होता.

स्त्रियांचं काय?

बहुतेक घरकामाला लागल्या. नव्या आलेल्या, मालकाने परत धाडलेल्या, गरोदर आणि शिक्षा झालेल्या फीमेल फॅक्टरीत, म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगवजा कारखान्यात: सिडनीजवळच्या पॅरामाटाची १८२१ ची, होबार्टजवळच्या कॅस्केड्सची १८२८ ची. तिथे तीन वर्ग असत. पहिल्या वर्गातलीला नोकरी किंवा नवरा मिळू शकत होता. तिसऱ्या वर्गात शिक्षेचं काम. मालकापासून दिवस गेले तरी ‘गुन्हा’ बाईचा आणि फॅक्टरी बाईलाच. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत बेशरम भाग तो हाच.

तुरुंगसुधारणेसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्रायच्या समितीच्या बायका जहाज सुटण्याआधी प्रत्येकीला एक पिशवी द्यायच्या: सुया, टाचण्या, कात्री, अंगुस्तान, दोरे आणि सुमारे दोन पौंड कापडाचे तुकडे. १८४१ मध्ये राजा नावाच्या जहाजावरच्या स्त्रियांनी त्यातून एक गोधडी शिवली. तिच्यात २,८१५ तुकडे आहेत. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. काही टाके सरळ, काही अगदी नवशिके. एकाहून अधिक हात त्यावर फिरलेत, हे नुसतं पाहून कळतं.

तिकीट-ऑफ-लीव्ह म्हणजे सुटका का?

अर्धी. शिक्षा चालूच, पण मालक सुटला. स्वतःसाठी काम करा, पगार घ्या. न्यू साउथ वेल्समध्ये ७ वर्षांच्या कैद्याला एकाच मालकाकडे ४ वर्षं काढल्यावर तिकीट मिळे, दोन मालक झाले तर ५ वर्षांनी. १४ वर्षांवाल्याला ६ किंवा ८. जन्मठेपेला एका मालकाकडे ८, दोन झाले तर १०, तीन झाले तर १२. म्हणजे वाईट मालक बदलून घेतला तरी वर्षं कैद्याचीच वाढायची.

तिकिटावर जिल्हा लिहिलेला असे. त्याबाहेर जायला वेगळा पास, ठरल्या दिवशी हजेरी, रविवारी चर्च. तिकीट हरवलं किंवा दारू पिऊन सापडलात तर ते रद्द होऊ शकत होतं. त्यापुढचे कागद तीन: मुदत संपल्याचा दाखला, सशर्त माफी, म्हणजे वसाहतीत मोकळे पण ब्रिटनला परतायचं नाही, आणि पूर्ण माफी.

पळून जाता येत असे का?

जंगलात शिरणं सोपं, जगणं अवघड. चीन उत्तरेला नदीपलीकडे आहे, अशी समजूत होती. १७९१ मध्ये २० पुरुष आणि एक बाई पॅरामाटाहून चालत चीनला निघाली. उपाशी, रस्ता चुकलेली माणसं काही दिवसांत सापडली. समुद्रमार्गे जमलेलं धाडस मेरी ब्रायंटचं: त्याच वर्षी नवरा, दोन लहान मुलं आणि सात पुरुष यांच्यासह गव्हर्नरची होडी पळवून ६९ दिवसांत ५,००० किलोमीटरवरचं तिमोर गाठलं. तिथे ओळखले गेले. इंग्लंडला परत नेताना नवरा आणि दोन्ही मुलं गेली. तिला १७९३ मध्ये माफी मिळाली.

शिक्षा संपल्यावर घरी जाता यायचं का?

कायद्याने हो, पण भाडं तुमचं. सरकारचं तिकीट एकाच बाजूचं. त्यामुळे फार थोडे परतले. मुदतीआधी परतलात तर १८३४ पर्यंत फाशी होती.

राहिलेल्यांपैकी काहींचं नशीब उघडलं. सुरुवातीला सुटलेल्या एकट्या पुरुषाला ३० एकर, लग्न झालेलं असेल तर आणखी २०, प्रत्येक मुलामागे १० एकर मिळत. घोडाचोरीत सापडलेली मेरी रीबी पुढे जहाजांची मालकीण झाली आणि २० डॉलरच्या नोटेवर आली. पण हे अपवाद. बहुसंख्य मजूरच राहिले.

ही जमीन कोणाची होती?

तिथल्या मूळ रहिवाशांची, आणि कैद्याला मिळालेला प्रत्येक एकर त्यांच्याकडून हिसकावलेला. १० जून १८३८ ला मायल क्रीक इथे किमान २८ विरायराय लोकांची हत्या झाली. मारणारे जवळजवळ सगळे कैदी किंवा माजी कैदी गुराखी होते. सात जणांना फाशी झाली. त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारा जॉर्ज अँडरसनही कैदीच होता.

हे आपल्या अंदमानच्या काळ्या पाण्यासारखंच का?

कायद्याची शिक्षा तीच, समुद्रापार हद्दपारी. पोर्ट ब्लेअरची वसाहत १८५८ ला सुरू झाली आणि तिथेही तिकिटाची पद्धत होती. फरक असा, की सेल्युलर जेलची एकांत कोठडी ऑस्ट्रेलियातल्या सामान्य कैद्याच्या वाट्याला आली नाही. मुंबई इलाख्यातले भारतीय कैदी अंदमानच्या आधी पेनांग, सिंगापूर, मॉरिशसला जात. कोर्ट मार्शलमध्ये हद्दपारी झालेले इथले गोरे सैनिक मात्र ऑस्ट्रेलियाला धाडले जात.

एखाद्या कैद्याची माहिती कशी शोधायची?

नावापासून नाही, जहाजापासून सुरुवात करा. वसाहतीच्या कागदांत माणसाची ओळख नाव, जहाज आणि वर्ष अशी तिहेरी असते. एकट्या ‘जॉन स्मिथ’ने काही हाती लागत नाही. एकच जहाज अनेकदा आलेलं असतं, म्हणून वर्ष तपासाच.

मग इंडेंट. न्यू साउथ वेल्सच्या सरकारी अभिलेखागारात आणि टास्मानियाच्या नामसूचीत घरबसल्या शोधता येतं. टास्मानियाच्या वर्तणूक-नोंदी फार तपशीलवार. कुठल्या तारखेला काय आगळीक केली आणि काय शिक्षा मिळाली, सगळं एका पानावर. खटला लंडनमध्ये चालला असेल तर तिथल्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ च्या कामकाजाच्या नोंदी मोफत उपलब्ध आहेत. लंडनबाहेरचा असेल तर त्या काउंटीच्या न्यायालयाचे कागद पाहावे लागतात.

चुका ठरलेल्या होतात. खटल्याचं ठिकाण हे जन्मगाव धरलं जातं. कैद्याने सांगितलेलं वय खरं मानलं जातं. आडनावाचं एकच स्पेलिंग शोधलं जातं; कारकून ऐकलं तसं लिहायचा, आयरिश नावांची तर वाटच लावायचा. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का अशी शंका आली तर उंची आणि गोंदण जुळवा. वय पाच वर्षांनी इकडे-तिकडे होईल, पण मनगटावरची अक्षरं बहुधा तीच राहतात.